दोन दातांच्या खुणा

“आधी त्याला, मग तोंडाला. जीव गेला तरी मधी पाण्याचा घोट न्हाई. ऐकू आलं का?”

सिंधूला ऐकू आलं होतं. उदगीरच्या माहेरी, दीक्षेच्या दिवशी, स्वामींनी तिच्या डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, तेव्हा अव्वा, तिची आई, मागून तिचा खांदा दाबत हे बोलली होती. जांभळाएवढं काळंभोर लिंग, पण ते पेलताना पोरीनं दुसरा हात खाली असा धरला की जणू पाण्याची घागर उचलली असावी. अव्वा जाऊन कैक वर्षं झाली, आवाज मात्र मागं राहिला. लातूरच्या ट्यूशनच्या गल्लीत बोअरचं गार पाणी अंगावर घेताना तो रोज यायचा. मग कपाळाला भस्म. मग गळ्यातल्या चांदीच्या डबीतून लिंग काढून तळहातावर घ्यायचं, त्याला पाणी घालायचं, बेलाचं पान वाहायचं आणि नजर तिथंच बांधून जप करायचा. लिंगायताला देऊळ लागत नाही. त्याचा एकच देव, तो गळ्यात असतो. आणि माणूस मेलं की बसवून पुरताना तोच देव त्याच्या तळहातावर ठेवतात, म्हणजे पुढच्या वाटेला सोबत होते.

सिंधूच्या घरात वरच्या मजल्यावर डॉक्टर व्हायला आलेल्या मुली राहायच्या आणि खाली तिची मेस होती. पहाटेपासून मुलींचे गजर वाजायचे, कुणीतरी जिन्यात बसून सूत्रं घोकायची, गल्लीतून दप्तरांनी वाकलेल्या सायकली घंट्या वाजवत पळायच्या. चौकातल्या फलकावर गेल्या वर्षी नंबरात आलेल्या पोरांचे एवढाले फोटो होते, आणि त्यांच्याकडं बघत बघत यंदाची पोरं क्लासला जायची. या सगळ्या गलक्यात सिंधू बाहेरच्या खोलीत भिंतीकडं तोंड करून बसायची. मुलींना ठाऊक होतं, काकूंचा तळहात पुढं असेल तोवर दूध मागायचं नाही.

श्रावणातल्या एका सकाळी गुंडप्पा आले ते तिची पूजा चालू असतानाच. सिंधूच्या सासरगावचे, चिंचोंडीचे. नात्यानं कुणी नव्हेत, पण गावकीनं मामा. बरोबर नात शिवांगी आणि तिची पत्र्याची पेटी. आधीच्या होस्टेलात ढेकणांनी पोरीला फोडून काढलं होतं, म्हणून तिला सिंधूकडं ठेवायचं ठरलं होतं. गुंडप्पांनी नातीला डोळ्यांनीच गप्प बसवलं आणि दाराजवळच्या बाकड्यावर टेकले.

जप संपला. सिंधू लिंग पुसून डबीत ठेवायला लागली तसे ते पुढं वाकले.

“सिंधू, जरा थांब गं. ह्या दोन खाचा कशाच्या?”

“त्या व्हय? भूकंपातल्या हायत मामा. दोरा तुटून मातीत पडलं हुतं ना. नजीरभाईनं हुडकून दिलं.”

गुंडप्पा हसले. म्हातारा हसला की डोळे पार मिटून जायचे.

“आमच्या हिच्या लिंगाला अश्शाच हुत्या बघ. ही शिवांगीची आजी. आमचा निवृत्ती, म्हंजी हिचा बाप, दात यायच्या टायमाला. आमच्या हिनं स्वामीकडून नवा लेप चढवून आणला हुता, वला हुता आजून. पोरगं मांडीवर. पुसाया वाकली, आन ह्यानं घेतलं की तोंडात! कचकन चावलं. दोनच दात हुते लेकाला, दोन्ही उमटले.”

“बाबा देवाला चावले?” शिवांगी किंचाळलीच.

“मग! म्हून तर डोकं चाललं न्हाई त्याचं. तू शीक. ही लई रडली गं सिंधू. स्वामीच्या पायावर गेली, दुरुस्त करून द्या म्हणली. स्वामी म्हणाले, राहू दे नागम्मा, लेकानं देवाचा पापा घेतला म्हणावं.”

सिंधूही हसत होती. हसता हसता तिची नजर तळहातावर गेली. दोन खाचा, शेजारी शेजारी, तांदळाच्या दाण्याएवढ्या. दगडाचा मार असा जोडीनं, असा एका ओळीत बसत नाही. तिनं वर पाहिलं तर गुंडप्पांचं हसू गेलेलं होतं.

“असंल दुसरं बी,” ते म्हणाले. “खाच काय, कशाची बी पडती.”

“मामा, च्या टाकते. बसा.”

“नको. गाडी जाईल.”

उंबऱ्यात चपला घालताना त्यांचा पाय दोनदा चुकला. सिंधूकडं न बघता ते बोलले, “मी भोकरला हुतो त्या दिशी. बैल बघाया. आलो तवर गावाच्या चिता पेटलेल्या. आपल्यात जाळत न्हाईत, पर कोण कुणाला पुरणार हुतं? निवृत्तीच्या मामानं सांगितलं, तिच्या गळ्यात काय नव्हतं म्हणून. रिकाम्या तळहातानं गेली ती.” मग शिवांगीच्या डोक्यावरनं हात फिरवला आणि रस्त्याला लागले.

त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं. पोळ्या करपल्या. सिंधू ताटावर बसली, पण ताट तसंच सारून उठली. चार कामांत चार वेळा तिनं डबी उघडली. या खाचा काय तिनं आज पाहिल्या होत्या? रोज पाणी घालताना पाणी आधी तिथंच साचायचं. भूकंपानं जे नेलं त्यातलं तेवढं खूण म्हणून मागं राहिलं, असं ती धरून चालली होती. बोटाला त्या खाचांची सवय झाली होती.

भूकंपाच्या दिवशी ती दुपारपर्यंत पडलेल्या भिंतीखाली होती. नजीरनं, गावातल्या पिंजाऱ्यानं, नुसत्या हातांनी माती उकरून तिला ओढून काढलं होतं. त्यानं तांब्या तोंडाला लावला, तिनं गळा चाचपला. दोरा तुटलेला. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले. नजीर ओरडला, शिव्या दिल्या, तिच्या पाया पडला. “वयनी, मरशील!” ती मान हलवत राहिली. मग तो निघून गेला आणि पुष्कळ वेळानं मूठ मिटून परत आला. कापडाची मळकी पिशवी, आत लिंग. तिच्या डोळ्यांत माती, डोक्यातून रक्त; नीट दिसतही नव्हतं. तिनं कपाळाला लावलं, त्यावर पाणी घातलं, मग प्याली. दवाखान्यात एकदोनदा वाटलं, जरा जड लागतंय. हातातली ताकद गेली असेल, म्हणून सोडून दिलं. पुढं नवऱ्यानं झेरॉक्सचं दुकान टाकलं, बरकत आली, तेव्हा चांदीची डबी करून दिली.

संध्याकाळी तिनं नवऱ्याला, ईश्वरप्पाला, सगळं सांगितलं. त्यानं चष्मा कपाळावर चढवला.

“हे बघ, देव एकच हाय. तूच सांगतीस ना पोरींना? मग ह्या दगडात काय आन त्या दगडात काय?”

“एकच हाय, म्हणून तर. माझा एक कुठंतरी मातीत पडून हाय, आन मी दुसरीचा एक घेऊन बसले.”

“लई इचार करतीस. मठात जाऊ, स्वामी नवीन देतील. हे ठिवू देवघरात.”

“लिंगायताच्या घरात देवघर कवापासून आलं हो?”

त्यानं चष्मा पुन्हा नाकावर घेतला. “आन स्वामी मठात येणार आठवड्यानं. तवर काय उपाशी राहणार? साखर हाय तुला. डॉक्टर मला झोडपतील.”

साखरेचं भय सिंधूला नव्हतं. भय वेगळंच होतं, आणि ते नवऱ्यालाही सांगवत नव्हतं. पोराची नोकरी, याचं ऑपरेशन, वरच्या एकेका मुलीचा निकाल, हे सगळं तिनं याच तळहाताशी बोललं होतं. आता हे दुसरीचं म्हणून द्यायचं, तर ते बोललेलं कुणी ऐकलं होतं? आणि ऐकणारा हाच असेल, तर त्याला कसं काढून द्यायचं? ती उठली, फळी झाडली, जी कालच झाडली होती.

रात्रीच्या जेवणाला मुली बसल्या. रविवारी मोठी चाचणी होती, त्यामुळं सगळ्यांना एकदम देव आठवला होता.

“मी पेपर हातात आला की ‘नमः शिवाय’ म्हणते,” शिवांगी म्हणाली. नवी असून तिनं एका दिवसात जागा केली होती.

“मी कुराणातली आयतुल कुर्सी पढते,” भोकरची नाझनीन म्हणाली. “अम्मीनं सांगितलं, डोळे मिटून, घाई न करता.”

नांदेडच्या गुरमीतनं लोणच्याची फोड चोखली. “आमचं तर सुरूच तिथून होतं. इक ओंकार. देव एक.”

“आमचा बी एकच,” नाझनीन म्हणाली. “कलम्यात पहिल्यांदा तेच हाय.”

“केमिस्ट्रीचे सर ख्रिश्चन हायत ना, ते बी परवा म्हणले, देव एक हाय म्हणून,” दुसरी एक पोरगी म्हणाली.

“आगं म्हणजे बघा!” शिवांगीनं घास तसाच हातात धरला. “सगळ्यांचा एकच असंल, तर आपण सगळ्या मिळून एकाच सायबाकडं वशिला लावून राहिलो की! सीट कुणाला देईल ते?”

“ज्यांची फिजिक्स चांगली त्यांना,” गुरमीत म्हणाली, आणि हसण्यानं मेस दणाणली.

“काकू, तुमी सांगा,” नाझनीननं मान वळवली. “एकच हाय ना?”

“वरण घे,” सिंधू म्हणाली. “गार व्हायलंय.”

पळी तिच्या हातात तशीच होती. एक आहे. तिनं कधी दुसरं म्हटलंच नव्हतं. उदगीरच्या चौकात बांग ऐकत ती लहानाची मोठी झाली. अव्वा म्हणायची, हाक वेगळी, मालक तोच. ते सोपं होतं. हाक मारणारे दहा आणि ऐकणारा एक, हे कुणालाही कळेल. पण तिच्या तळहातावर जे होतं ते एका बाईच्या गळ्यातलं होतं, आणि ती बाई आगीत मोकळ्या हातानं गेली होती. आता एक म्हणून कुठं लपायचं?

दुसऱ्या दिवशी मुली क्लासला गेल्यावर ती नजीरच्या दुकानी गेली. भूकंपानंतर तोही लातूरला आला होता. पोरं शिकायला आली, होस्टेलं उठली, खाटा आल्या, आणि खाटांना गाद्या लागल्या. नजीरचं नशीब कापसानं उघडलं. पिंजायचं यंत्र घरघरत होतं. नजीरच्या भुवया, दाढी, टोपी सगळं कापसानं पांढरं. त्याची बायको हसीना कोपऱ्यात पट्ट्यापट्ट्याच्या कापडाच्या खोळी शिवत होती.

“या वयनी! गादी पाहिजे का? तुमच्या पोरी अभ्यास करतात का लोळतात, इतक्या लवकर बसल्या गाद्या?”

“गादी नको नजीरभाई. एक इचारायचं हुतं. ते लिंग तुमाला कुठं सापडलं हुतं?”

नजीर खुलला. आपल्या चांगल्या कामाची आठवण कुणी काढली की माणूस खुलतो तसा.

“आता सांगतो बगा. तवा सांगितलं असतं तर तुमी प्याला नसता पाणी. तुमच्या घरापाशी मी लई उकरलं, न्हाई मिळालं. मग शाळेच्या मैदानात गेलो. तिथं सगळ्यांना निजवलेलं. नागम्माभाबी दिसली. गळ्यात पिशवी. मी म्हणलो, भाबी, माफ करा, सिंधूवयनीला पाणी पाजायचंय. तुमाला आता लागणार न्हाई. आन काढून घेतली.” तो हसला. “अल्लाकडं जाताना माणूस काय नेतंय वयनी? चार हात कापड. मेलेलीचं जिवंत बाईच्या कामी आलं. मी तर म्हणतो, कयामतला अल्लानं इचारलं, नजीर, जिंदगीत काय केलास रे, तर हे एक सांगीन.”

“आधी ते इचारतील, मूर्ती हातात घेऊन कामून पळत हुतास,” हसीनानं दोरा दातानं तोडला. “त्याचे फटके खाल, मग बक्षीस.”

“ती मूर्ती न्हाई गं, लिंग हाय. त्याला डोळे-नाक काय न्हाई. व्हय ना वयनी?”

सिंधूला हसता आलं नाही. मान खाली घालून ती म्हणाली, “आमच्यात नेतात, नजीरभाई.”

“काय नेतात?”

“मेलेलं माणूस तेच एक नेतं. बसवून पुरतात, आन डाव्या तळहातावर ते ठेवतात. जन्मभर ज्याला बघितलं, त्याच्याकडं बघत जायचं असतं. नागम्मामामी रिकाम्या हातानं गेली. गुंडप्पामामाला ठाऊक हाय, तिच्या गळ्यात काय नव्हतं. का नव्हतं ते न्हाई ठाऊक.”

यंत्र चालूच होतं. कापूस उडत होता. हसीना उठली आणि बटण बंद केलं. तेव्हा बाहेरच्या रस्त्यावरचा लाउडस्पीकर ऐकू यायला लागला. कुठल्यातरी क्लासची जाहिरात होती.

नजीरनं बसल्या जागी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. पुन्हा काढली. हसीनाच्या मांडीवरच्या खोळीकडं तो बघत राहिला.

“अब्बाला,” तो म्हणाला. “अब्बाला कफन मिळालं न्हाई त्या दिशी. पांढरं कापड कुठनं आणणार? असल्याच पट्ट्यापट्ट्याच्या कापडात पुरला मी. आज बी नमाजला उभा राहिलो की पट्टे दिसतात. मौलवीसाब म्हणले, नजीर, मजबुरी होती, अल्लाला सगळं समजतं. समजत असंल. मला पट्टेच दिसतात.” त्याचा आवाज चिरकला. “आन मी नागम्माभाबीला तसंच केलो. त्याच दिशी. ह्याच हातानं.”

“मी बोल लावाया आले न्हाई,” सिंधू घाईनं म्हणाली. “तुमी पाणी पाजलं म्हणून मी हाय. हे मी इसरलेली न्हाई.”

“तो एकच हाय वयनी. तुमचा काय, आमचा काय. तो समजून घेईल न्हवं?”

“त्याचं सोडा,” हसीना म्हणाली. तिनं खोळ बाजूला सारली. “त्याला काय, तो समजून घ्यायलाच बसलाय. गुंडप्पाला कोण समजवणार? ते म्हातारं किती वर्षं झाली हेच घेऊन जगायलंय.”

हे बोलणं सिंधूच्या कानातून निघेना. ती घरी आली तेव्हा भाजीवाला दारात उभा होता. तिनं वांगी घ्यायची ती दोडके घेतले. हसीना अडाणी नव्हती आणि फार शहाणीही नव्हती, पण गाठ कुठं आहे ते तिनं बरोबर धरलं होतं. देवाचं काही अडलं नव्हतं. अडलं होतं ते माणसाचं.

तरीही दोन दिवस ती थांबली. आज निघू म्हणायची आणि काम काढायची. पापड वाळवले. वरच्या खोलीच्या खिडक्या पुसल्या. एकदा तर गळ्यातली डबी काढून टेबलावर ठेवून बघितली, कसं वाटतं ते. गळा एकदम हलका झाला. तिनं घाईघाईनं डबी परत घातली आणि कुणी बघितलं का म्हणून दाराकडं पाहिलं. मनात भलतेसलते विचार येत. नागम्मामामीला जाऊन आता किती काळ झाला, तिला आता काय त्याचं? गुंडप्पामामांनी मागितलं आहे का? तेच तर म्हणाले, असंल दुसरं बी. मग आपण कशाला? आणि या विचारानंच तिला स्वतःची लाज वाटे, की देवाच्या नावानं आपण कसला हिशोब मांडायला लागलो.

रविवारी चाचणी देऊन मुली आल्या. शिवांगी जिन्यातच बसून राहिली. सिंधूनं चहा नेऊन दिला.

“पेपर वाईट गेला का गं?”

“न्हाई काकू. बाबांचा फोन आला हुता. आजोबा इथून गेल्यापासून नीट जेवत न्हाईत म्हणे. भूकंपात पडलेल्या जुन्या गावात जाऊन बसतात. तिथं काय हाय आता? सगळी बाभळ माजलीय. बाबा हाका मारतात तर ओ देत न्हाईत.” तिनं चहाच्या कपाला दोन्ही हात लावले. “त्या दिवशी इथं काय झालं, काकू? मी बोलले का काय चुकीचं? बाबांना हसले म्हणून?”

पोरीच्या डोळ्यात पाणी होतं. उद्यापासून हिचं अभ्यासात लक्ष लागणार नाही, हे सिंधूला दिसत होतं.

“तुझं काय चुकलं न्हाई,” ती म्हणाली. “त्यांची एक वस्तू माझ्याकडं राहिलीय. उद्या सोमवार. मी जाते, त्यांना देते, आन समोर बसून जेवू घालते. झालं?”

“नक्की?”

“नक्की. तू पुस्तक घे.”

शब्द तोंडातून गेला आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय देऊन बसलो. पण पोरगी वर गेली होती. तिच्या वाचण्याचा आवाज जिन्यातून खाली येत होता.

सोमवारी सिंधूनं अंघोळ केली, भस्म लावलं, लिंग तळहातावर घेतलं. पाणी घातलं. पाणी दोन खाचांत साचलं. इतकी वर्षं तिला तिथं पडलेलं घर दिसायचं. आज तिथं तान्हं पोर दिसलं, हिरड्या शिवशिवणारं, आईच्या मांडीवर. तिनं बेलाचं पान ठेवलं आणि नजर बांधली, पण नजर आज ठरत नव्हती. मी तुला हाक मारली, ती ह्या दगडाला ऐकू गेली का तुला? इतकी वर्षं मी मागत राहिले, तू देत राहिलास, आणि एकदाही म्हणाला नाहीस की बाई, मी तुझा नव्हे. तेवढ्यानं बरं वाटलं. पण उद्या याच वेळी हा हात पुढं करायचा आणि त्यावर काही नसेल. तेव्हा नजर कुठं ठेवायची, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

रात्रीच निरोप गेला होता, तशी हसीना मागच्या दारानं आली. पायांवर पाणी घेतलं, हात कोपरापर्यंत धुतले.

“पोरींचं मी बघते. कांदा-लसूण कुठं ठिवता? सोमवारचं चालतंय का न्हाई?”

“नको घालू आज. आन नजीरभाई?”

“पहाटेपासून आंगणात फेऱ्या मारून राहिलेत. म्हणतात, मी बी येतो, मी तोंडानं सांगतो गुंडप्पाला. मी म्हणलं, आधी वयनीला जाऊ द्या. तुमी गेलात तर तुमीच रडाल आन म्हाताऱ्याला तुमालाच समजवावं लागेल.”

“मी सांगते त्यांचं. पाण्याचं बी सांगते. मग त्यांनी यावं, कधी बी.”

ईश्वरप्पा दारात उभा होता. त्यानं तिच्या हातात साखरेच्या गोळ्यांची पुडी ठेवली. ती औषधाची होती की चघळायची, हे तिनं विचारलं नाही. “स्वामींना फोन केलाय,” तो म्हणाला. “म्हणाले, जमलं तर लवकर येतो. न्हाई जमलं तर...”

“बघू.”

“तू आज खाऊन तर जा. आज तर हाय ना गळ्यात.”

“मामांच्या ताटापाशी बसते. ते जेवले तर दोन घास घेईन, मग डबी देईन. न्हाई जेवले तर मी बी उपाशीच देईन.”

वर गुरमीत आणि नाझनीन कुठल्याशा उत्तरावरून भांडत होत्या. शिवांगी खिडकीत आली होती. सिंधूनं तिच्याकडं बघून नुसती मान हलवली, पदर डोक्यावरून घेतला, डबीवर हात दाबला आणि चिंचोंडीला जाणारी निलंग्याची गाडी धरायला सायकलींच्या गर्दीतून वाट काढत निघाली.